दोन किलो सहाशे

चौतीस वर्षं सांगलीच्या यार्डात तोलार होतो.
राजापुरी हळदीची पोती, गुळाच्या ढेपा, बेदाण्याची खोकी,
काट्यावर चढलं की आकडा मी ओरडायचो
आणि दलाल लिहून घ्यायचा.
अर्ध्या किलोसाठी कुणी मान वळवत नव्हतं,
तेवढं तर झाडलोटीत जातं.

आता विश्रामबागच्या दवाखान्यात, थंड टेबलावर,
डॉक्टर लुकडे चष्मा वर करतात :
"शंभर ग्रॅम वाढलीय, भूपालकाका. कोण भरवतं हिला?"
आणि मी शाळेतल्या पोरागत खाली बघतो.

अभिनंदननं आणली ती, बंगळुरूहून, जर्किनच्या खिशात.
मिनिएचर पिन्शर म्हणे.
काळी, भुवयांवर तांबूस ठिपके, पाय म्हणजे उदबत्तीच्या काड्या.
सोसायटीत चालत नाही, सहा महिने ठेवा, म्हणाला.
कुसुम उंबऱ्यात आडवी :
"बस्तीला जाणारं घर हाय हे. कुत्रं न्हाई चालायचं."
तोवर ती कुसुमच्या पायांमधून आत,
ओट्याखाली, पलंगाखाली, न्हाणीत, परत उंबऱ्यात;
पुडी फुटून फरशीवर सांडावं तशी
एकटीच सगळीकडं.
मी म्हणालो, मिरी.

उडी मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते, डॉक्टर म्हणाले.
नकळत माझा हात माझ्या गुडघ्यावर गेला.
घरी येऊन पलंगापाशी विटा रचल्या,
वर बारदान अंथरून दोन पायऱ्या केल्या.
पायऱ्यांवर ती ऊन खात झोपते.
उडी पलीकडून मारते.

उसाचा ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, स्पीकर फाटलेला,
फाटकाच्या फटीतून ती त्याला धमकावते.
तो आपल्या वाटेनं कारखान्याकडं जातो.
ही छाती काढून परत येते :
लावला पळवून.

अंडं द्या, असंही सांगितलं होतं.
आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं.
खणभागातल्या मोमीनच्या दुकानातून एक आणायचो,
पेपरात गुंडाळून, चोरीचा माल असल्यागत,
आणि परसात धुण्याच्या दगडामागं
जुन्या स्टोव्हवर, डालड्याच्या डब्यात उकडायचो.
कुसुम कपडे वाळत घालता घालता म्हणाली,
"मला काय बी दिसलं न्हाई."
पुढच्या आठवड्यात स्टोव्हला वारा लागू नये म्हणून
पत्र्याचा एक तुकडा टेकवून ठेवलेला होता.
मी विचारलं नाही.

श्रावणात एका रात्री मिरी उठेना.
ओल्या फडक्यागत हातातून घरंगळायला लागली,
हिरड्या पांढऱ्याफट्ट.
फोनवर डॉक्टर : साखर उतरलीय, मध चोळा आधी.
मध आमच्यात वर्ज्य.
मी नुसता उभा. कुसुम फडताळाकडं धावली,
काकवीच्या बरणीत बोट बुडवलं
आणि त्या इवल्या दातांमागं घातलं, परत बुडवलं, परत घातलं.
किती ढेपा तोलल्या असतील मी जन्मात!
बोटभर गुळात काय काय मावतं
ते काट्यावर कधी दिसलं नव्हतं.

कुसुम दिवेलागणीनंतर खात नाही. चातुर्मासात पाणीही नाही.
लग्नापासून.
पण त्या रात्रीपासून दहाला गजर लावते.
मी उठायला गेलो तर म्हणते,
"झोपा तुम्ही. मी घालतो तिला."
अंधारात स्वैपाकघरात ती वाटी धरून बसते, ओठ सुकलेले,
आणि मिरी मचमच खाते.
मधेच भिंतीवरच्या पालीवर भुंकून येते.
कुसुम थांबते.

सहा महिन्यांची चार वर्षं झाली.
परवा अभिनंदनचा फोन : स्वतःचं घर झालं, बाल्कनी मोठी आहे,
आता मिरीला नेतो म्हणतोय.
मी काही बोलायच्या आत
कुसुमनं फोन हातातनं काढून घेतला.
"तिकडं रस्त्यानं ट्रॅक्टर जातात काय रे?
मग दिवसभर ही करणार काय?"